बहिष्काराची तारीख

"मुक्त बुद्धिबळासाठी रक्त सांडू, पण वर्गणी भरणार नाही!" सांगलीच्या बुद्धिबळ मंडळाचे अध्यक्ष दामुअण्णा करमरकर भर सभेत गरजले. तेवढ्यात त्यांच्या खिशातल्या फोनमधून त्यांच्या दिवंगत वडिलांचा आवाज आला, "दामू, तुझी वर्गणी पोचली रे. बस, डाव मांड."

सभेत हशा पिकला. सुलभाकाकू पोंक्षे मात्र कपाळाला हात लावून बसल्या.

फोनमधलं हे बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर मंडळातल्याच लोकांनी लिहून जगाला फुकट वापरायला मोकळं करून दिलं होतं. गेलेला माणूस त्यात आपल्या खोडींसकट खेळत राही. काकूंचे यजमान वारल्यावरही रोज दुपारी काकूंशी खेळत, चिडत आणि खुशाल चाल मागे घेत. मग सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनी ते एका कंपनीच्या हवाली केलं. सोमवारी यजमानांनी वजीर उचलला आणि तसेच थांबून म्हणाले, "पुढची चाल पाहण्यासाठी वर्गणी भरा." जिवंतपणी गणपतीची वर्गणी मागायला पाठवलं, तर हा माणूस कोपऱ्यावर चहा पिऊन परत यायचा!

"आपल्याच माणसांना कंपनीने आपल्या दारात हात पसरायला लावलंय," दामुअण्णा सावरून म्हणाले. "आजपासून बहिष्कार! मंजूर?"

भराभर हात वर झाले. काकूंचा सगळ्यांत शेवटी.

"मंजूर हो, मंजूर. फक्त बहिष्कार उद्यापासून धरा," त्या म्हणाल्या. "हे सोमवारपासून वजीर हातात घेऊन ताटकळलेत. तेवढा त्यांना खाली ठेवू द्या."