गोगलगायीचं चित्र

“आई, हे कुठलं ब्राउझर? नावसुद्धा कधी ऐकलं नाही!” सुट्टीला आलेल्या लेकानं विचारलं, तेव्हा “पटकन उघडतं रे,” म्हणून कुमुदनं वेळ मारून नेली होती. खरं कारण वेगळंच होतं. सोपं जावं म्हणून लेकानंच आईबाबांच्या फोनवर एकच खातं टाकून दिलेलं. तिनं गुडघेदुखीचं तेल शोधलं, की संध्याकाळी ते यांच्या फोनवर हजर!

छातीतली गाठ तशी हजर व्हायला नको होती. यांचं हृदय आधीच नाजूक. म्हणून तिनं गोगलगायीचं चित्र असलेलं हे ब्राउझर घेतलं. त्यात शोधलेलं दुसरीकडे कुठे दिसत नसे.

तपासणी सोमवारी होती. आठवडाभर जीव थाऱ्यावर नव्हता. आज तिनं तिसऱ्यांदा ओटा पुसला, चहात साखर घालायची विसरली. यांनी तो तसाच पिऊन टाकला.

“अगं, माझ्या फोनवरून गॅसचा नंबर लाव,” म्हणत ते आंघोळीला गेले.

फोन उघडला, तर कोपऱ्यात तीच गोगलगाय. हे कुणापासून काय लपवताहेत? तिनं चित्रावर बोट टेकवलं. शोधायच्या चौकटीत, पत्रात लिहावीत तशी पूर्णविराम देऊन लिहिलेली वाक्यं होती.

‘पत्नीच्या पर्समध्ये मॅमोग्राफीची चिठ्ठी दिसली. ती मला सांगत नाही. मला माहीत आहे, हे तिला कसं सांगावं?’

तिनं बाथरूमचं दार वाजवलं.

“अहो, सोमवारी मोकळे आहात ना?”

आतला नळ बंद झाला. “कधीचा!”