मावशींची हाक
आवारातली मांजरं फक्त तळमजल्यावरच्या मावशींच्या हाकेला यायची. नसबंदी करून त्यांना परत इथेच सोडायचं होतं, पण पिंजऱ्याकडे एकही फिरकेना. शेवटी मी मावशींना न विचारता त्यांची हाक मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि पिंजऱ्यामागे लावली. दोन दिवसांत अकराच्या अकरा सापडली. "कमाल केलीत!" डॉक्टर म्हणाले. मी हरखले. जखमा भरल्यावर सगळी सोडली. संध्याकाळी मावशी ताटली घेऊन पायरीवर आल्या. "या गं बायांनो!" कुंपणावरची मांजरं दचकून पळाली. "महाराण्या रुसल्यात," मावशी हसल्या. पुन्हा हाक मारली. अंगण रिकामंच. त्यांनी हळूच मला विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" "नाही मावशी," मी म्हणाले आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवसापासून त्या मुकाट्याने ताटली ठेवून आत जातात. ती हाक आता फक्त माझ्या मोबाइलमध्ये आहे.