छगन पाटलाच्या म्हशीचा पान्हा

तिसऱ्या दिवशीही म्हैस पान्हावली नाही, तेव्हा कळसाडीच्या छगन पाटलानं आधी तिच्या पाठीत काठी घातली आणि मग शहाद्याहून गुरांचा डॉक्टर बोलावला.

रोज धार काढणारी बायको, तापीबाई, माहेरी कोरीटला होती. त्यानंच तीन दिवसांमागं गाडीत घालून घालवली होती, आणि वर चावडीवर सांगितलं होतं की बायकोवाचून या घराचं काही अडत नाही. आता म्हशीची कास दगडासारखी झाली होती. आणखी एक दिवस असाच गेला तर सड कायमचे जातील, डॉक्टर म्हणाला.

मग त्यानं समजावलं. म्हशीच्या मेंदूखाली वाटाण्याएवढी गाठ असते. ओळखीचा हात लागला की तिचा रस रक्तात उतरतो आणि पान्हा सुटतो. जनावर भ्यालं की दुसऱ्याच गाठीचा रस सुटतो आणि पान्हा अडवून धरतो.

त्या पहिल्या रसाचं इंजेक्शन नसतं का, छगननं विचारलं.

"असतं. विलायतेहून येतं. लढाईमुळं वर्षभर आलेलं नाही," डॉक्टर म्हणाला. "बायको कोरीटहून येते. अर्ध्या दिवसात."

वाटाण्याएवढ्या गाठीपुढं वाकायला छगन काय म्हैस होता? त्यानं डॉक्टरला वाटेला लावलं आणि खुंटीवरचं तापीबाईचं लुगडं काढलं. नऊ वारांतले चार पोटालाच लागले. मिशा झाकायला पदर दातांत धरला आणि बादली घेऊन तो म्हशीखाली उकिडवा बसला.

म्हशीनं लुगडं हुंगलं. धार लागली. छगन खुशीत नुसता खाकरला, तर धार बंद. गप्प बसला, तर पुन्हा सुरू. उभ्या जन्मात तो एवढा वेळ गप्प बसला नव्हता.

शेजारची सोनीबाई विस्तव मागायला आली, गोठ्याच्या दारातच थबकली, परत गेली आणि आळीतल्या पाचजणींना घेऊन आली.

"छगननी नवी वहू चांगली शे वं," लुगड्यातल्या त्या नव्या बायकोकडं बोट करत ती म्हणाली. "काम करस, नि उलटं बोलत नही."

बाया ऐसपैस बसल्या आणि छगनचं एकेक काढू लागल्या. कुणाचा बांध कोरला, कुणाच्या लेकीला काय बोलला. बादली भरेपर्यंत छगननं पदर चावत सगळं ऐकलं.

गावाला वाटलं, आता पाटील बायकोला आणायला गाडी जुंपतो. सकाळी कोरीटला माणूस गेलाही. निरोप एवढाच होता: "आखो एक लुगडं धाडी दे. नेसेल पाहिजे, धुयेल नको."

संध्याकाळी माणूस लुगडं घेऊन आला. वर एक चोळीही होती. तापीबाईनं सांगितलं होतं, थंडीचे दिवस आहेत.

छगननं दाराला कडी घातली आणि चोळी अंगाला लावून पाहिली. दंडात घट्ट होत होती.