धापेदादा

"टोप्या घाला, टोप्या. वर गेल्यावर कान गार पडले तर माझ्याकडे रडत यायचं नाही," मावशी म्हणाल्या आणि लोकरी टोप्यांची पेटी त्यांनी रांगांमधून फिरवली.

वाचनालयाच्या मागच्या दालनातून दर शनिवारी सकाळी अकराला बस सुटायची. बस म्हणजे दोन-दोनच्या रांगेत मांडलेल्या चोवीस खुर्च्या, समोर भिंतभर पडदा आणि डोंगरातला गार वारा म्हणून दोन्ही बाजूंना दोन पंखे. तिकीट फुकट, पण मावशींनी त्याला भोक पाडल्याशिवाय कोणाची बसायची टाप नव्हती. तासाभरात ढगांच्या वरच्या देशात जाऊन परत. घरी जेवायला उशीर नाही.

शेवटच्या तिकिटाला भोक पाडत असताना नवा तंत्रज्ञ जवळ आला. कामावर रुजू होऊन त्याला चारच दिवस झाले होते. चाळिशीचा, कामाला वाघ.

"मावशी, तुमची फिल्म सुधारून ठेवलीय. ती शेवटची चढण आहे ना, त्यात कॅमेरावाला नुसता धापा टाकत होता. कान किटले माझे. सगळं साफ केलं. मधे एकदा काहीतरी बोललाही होता, तेही काढलं. आता मस्त बासरी लावलीय."

"आणि जुनी?"

"जुनीवरच सेव्ह केली. कॉम्प्युटरवर जागा कुठे होती?"

"दुसरीकडे कुठे असेल ना?"

"छे. एकच होती. का, काही चुकलं का?"

चार दिवस हा माणूस जेवणाची सुट्टीही न घेता खपला होता आणि आता शाबासकीच्या आशेने बघत होता. "नाही. छान केलंत," मावशी म्हणाल्या. त्यांनी त्याच तिकिटाला पुन्हा एकदा भोक पाडलं.

ती फिल्म त्यांच्या मुलाने काढली होती. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्याच डोंगरात गेला आणि परत आला नाही. कॅमेरा, लॅपटॉप, सगळं त्याच्याबरोबर गेलं. घरात फोटो ढीगभर होते. आवाज मात्र एवढाच उरला होता: अकरा मिनिटांची धाप आणि मधे एक वाक्य. तो आवाज घरी नेऊन एकटीने ऐकण्याची मावशींची छाती नव्हती. इथे चोवीस पोरांच्या गलक्यात कसाबसा सोसवायचा. शनिवार काय, दर आठवड्याला येतोच. त्यामुळे दुसरी प्रत करून ठेवावी हे कधी मनातच आलं नाही. वाचनालयातल्या जुन्या लोकांना सगळं माहीत होतं. नव्या माणसाला सांगायचं कोणालाच सुचलं नाही.

बस सुटली. विमान उतरलं, लाकडी पूल हलला, याकने कॅमेऱ्याला नाक लावल्यावर पोरं नेहमीसारखी किंचाळली. मावशींचं तोंड आपलं आपण बोलत होतं. तळं आलं, तळ्याच्या कडेचं दगडी घर आलं, आणि वाट वर वळली.

इथे मावशी माइक बंद करून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायच्या. आजही बसल्या. पडद्यावर दगड, बर्फ, पुन्हा दगड. बासरी वाजत होती. इतकी सोपी चढण त्या डोंगराने कधी पाहिली नसेल.

पुढच्या रांगेतली चष्मेवाली मुलगी चुळबुळ करू लागली. ही पाचव्यांदा आली होती आणि दर वेळी लाल टोपीसाठी भांडायची.

"मावशी, आज धापेदादा नाही आला?"

हे नाव पोरांनीच ठेवलं होतं. कधी न दिसणारा, नुसता धापा टाकणारा दादा.



"त्याच्याशिवाय वर कसं जायचं?" मुलगी म्हणाली.

मावशी उठल्या. त्यांनी हाताने खूण केली, तशी तंत्रज्ञाने बासरी बंद केली. पंख्यांची घरघर तेवढी उरली. मावशींनी माइक चालू केला, दोन्ही हातांनी ओठांशी धरला आणि धाप टाकायला सुरुवात केली. दोन तोकडे श्वास, एक लांब. लांब श्वासाच्या शेवटी नाकातून बारीक शिट्टी. लहानपणी सर्दी झाली की त्याची वाजायची तशी. वळणावर घाई. मोठ्या दगडावर पाय ठेवताना श्वास रोखलेला, मग एकदम सोडलेला. एकही श्वास इकडचा तिकडे झाला नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पोरांना तेच हवं होतं. चोवीसच्या चोवीस जण धापा टाकायला लागले. तंत्रज्ञ मावशींच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तो हळूच भिंतीला टेकला आणि खाली बसला.

सपाट खडक आला. चित्र थांबलं. इथे तो बोलायचा. मावशींनी श्वास घेतला, पण ते वाक्य काही केल्या त्यांच्या तोंडून येईना.

"दोन मिनिटं थांबू हं," चष्मेवाली म्हणाली. अगदी त्याच्याच सुरात, दमलेल्या आणि थोड्या हसऱ्या.

पोरांनी धापा थांबवल्या.

थोड्या वेळाने चित्र हललं. वाट पुन्हा चढू लागली. मावशी माइक घेऊन तशाच उभ्या होत्या.

"मावशी, चला ना. झाली दोन मिनिटं."

"नाही गं," मावशी म्हणाल्या, "अजून नाही झाली."