नेमकी नजर

राजधानीत, होनिआराला शिकून आल्यापासून गावच्या दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या हिल्डाच्या नजरेतून मलेरियाचा जंतू सुटत नव्हता. पूर्वी काचपट्टीवरच्या रक्तात दिसणारे बारीक ठिपके ती रंगाचा कचरा समजून सोडून द्यायची आणि सांगायची, साधा ताप आहे, घरी जा. आता सूक्ष्मदर्शकातून तिला नुसता जंतूच नव्हे, त्याची जातही कळायची.

सेलेस्टिनाच्या मुलाच्या रक्तात आज सगळ्यात वाईट जात होती, मेंदूत चढणारी. पोरगं आईच्या मांडीवर निपचित पडलं होतं.

"मलेरियाच आहे, सेलेस्टिना."

"मग गोळ्या दे की."

"दवाखान्यात एकही उरली नाही. औषधाची बोट काल किनाऱ्यापर्यंत आली आणि लाटा बघून तशीच माघारी गेली."

"डोंगरावरून पलीकडच्या इस्पितळात नेते मी त्याला. पाठीवर घेईन."

"पलीकडे पोचायला तीन दिवस लागतात. याच्याकडे तेवढे नाहीत गं."

सेलेस्टिना बराच वेळ पोराच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "हिल्डा, पूर्वी तू किती चुकायचीस. बाजारात आम्ही बायका तुझी थट्टा करायचो, हिला माशी आणि डास एकच दिसतात म्हणून."

"हो, माहितीये मला."

"मग आजही चुकली असशील. परत एकदा बघ ना."

हिल्डाने तीच काचपट्टी पुन्हा भिंगाखाली सरकवली आणि मान वर न करता बघत बसली.