विजेच्या आधी

“मैदान रिकामं करा,” स्टेडियमच्या माथ्यावरच्या खोलीतून हवामानतज्ज्ञ डार्लीन व्होंड्राने फोनवर सांगितलं. खाली लख्ख ऊन पडलं होतं.

पलीकडे कॉलेजचा क्रीडाप्रमुख डनमोर होता. “बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? सामन्याचं मध्यंतर तोंडावर आलंय. जरा आभाळ बघ की!”

“बघूनच सांगतेय. नैर्ऋत्येकडून वादळ येतंय.”

“येतंय म्हणजे अजून आलेलं नाही.”

ओक्लाहोमाच्या माळावर याच वाक्यापायी गुरं मेली आहेत, माणसंही मेली आहेत. डार्लीनने तेच पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज चढवून.

वीज हद्दीत शिरली की यंत्र आपोआप बोंबलतं. त्यासाठी शिकलेली बाई लागत नाही. पण खाली बँडची दोनशे पोरं बसलेली, अंगावर लोकरी गणवेश, गळ्यात पितळेची वाद्यं, बुडाखाली पत्र्याच्या पायऱ्या. त्यांना उतरवून आत न्यायला वेळ लागतो. तेवढं आधी बोलायचं, हेच तिचं काम. आणि आधी बोलणारा माणूस कधी ना कधी तोंडघशी पडतोच.

ती पडली. मैदान रिकामं झालं, पण वादळ नदीपाशी फाटलं आणि उत्तरेला निघून गेलं. मैदानावर टिपूस नाही. खेळाडू परत आले, लोक परत आले, आणि गेलेला वेळ भरून काढायला मध्यंतर कापलं. मध्यंतर कापलं की चेंडू घेऊन पळणाऱ्यांचं काही जात नाही. जातो तो मध्यंतरातला बँडचा कार्यक्रम. दर वेळी तोच जातो, आणि कोणी हूं की चूं करत नाही.

आज तो ऑर्व्हिल श्टेलिक मास्तरांचा शेवटचा कार्यक्रम होता. अख्खी हयात त्यांनी इथल्या पोरांना एका वेळी चालायला आणि वाजवायला शिकवलं. नाताळानंतर ते निवृत्त होणार होते. जुने विद्यार्थी कुठून कुठून आपापले ट्रम्पेट घेऊन आले होते. काहींच्या पोटावर गणवेशाची बटणं लागत नव्हती. डार्लीननेही याच मास्तरांच्या हाताखाली झांजा वाजवल्या होत्या. आपण कोणाच्या तोंडचा घास काढला, हे तिला सांगायला कोणी नको होतं. मास्तरांना फोन करायचा तिला धीर झाला नाही.

खालून कोणीतरी ओरडलं, “ए हवामानवाली, आज वार कोणता ते तरी सांग!” उन्हात एकाने छत्री उघडली. मग दुसऱ्याने. मग छत्र्यांची रांगच लागली. ज्याच्या पैशाने गुणफलक उभा राहिला होता, तो लठ्ठ मनुष्य जिने चढून तिच्या काचेच्या खोलीत आला आणि म्हणाला, “माझ्या बायकोचा गुडघा तुझ्या रडारपेक्षा बरा.” हसला आणि गेला. एखादं पोर विजेने गेलं असतं, तर हाच मनुष्य मेणबत्ती घेऊन सगळ्यांत पुढे उभा राहिला असता.

सामना जिंकला. त्या आनंदात डनमोर विरघळला. त्याने भोंग्यावरून जाहीर केलं की आता बँडचा पूर्ण कार्यक्रम होईल, कोणी उठू नये. कोणीही उठलं नाही. सूर्य कलला होता, दिवे लागले होते. दोनशे पोरं आणि त्यांच्यात मिसळलेले पिकल्या केसांचे जुने वादक मैदानाच्या कडेला रांगा धरून उभे राहिले. टोप्यांवरचे पांढरे तुरे डुलत होते. मास्तर सगळ्यांच्या पुढे होते.

आणि डार्लीनच्या पडद्यावर, फाटून गेलेल्या वादळाच्या शेपटीला, एक नवा ढग उगवला. लहानच, पण सरळ वर चढणारा.

असे ढग विरूनही जातात. तिने ते पाहिले होते. ती गप्प बसली असती तर कोणी जाब विचारला नसता. यंत्र होतंच, ते बोंबलायचं तेव्हा बोंबललं असतं. दहा मिनिटांचा तर कार्यक्रम. एका म्हाताऱ्या माणसाची दहा मिनिटं. तिला छत्र्या आठवल्या. तिने फोनकडे पाहिलं. तो उचलला नाही.

ढग आणखी वर चढला.

ती खुर्चीवरून उठली आणि काचेपाशी जाऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली.

खाली ढोलांवर टिपऱ्या टेकल्या होत्या. मास्तरांनी मान वर केली. मग दोन्ही हात उंच नेऊन त्यांनी फुली केली. सगळ्या रांगा जागच्या जागी वळल्या. कोणी ‘का’ विचारलं नाही, कोणी कोणाला ढकललं नाही. पोरं आणि म्हातारे, एका पावलाने, पायऱ्यांखालच्या बोगद्यात निघाले. चहूबाजूंनी शिट्ट्या आणि शिव्या सुरू झाल्या. मास्तरांनी शेवटचा वादक आपला अवजड ट्यूबा घेऊन आत जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग ते आत गेले.

फोन वाजला.

“माझी पोरं आत आली,” श्टेलिक मास्तर धापा टाकत म्हणाले. “आता बाकीच्यांना तू हाकल.”

“मास्तर, पण मी अजून काही बोललेच नव्हते. तुम्हाला आभाळात काय दिसलं?”

“आभाळातलं मला काय कळतंय, पोरी? मी दिवसभर तुझ्या खिडकीकडे बघतोय.”