पंतांची गवंडीगिरी

न्हाणीच्या मोरीला भेग पडली होती आणि आंघोळीचं पाणी भिंतीखालून पलीकडे झिरपत होतं. आपल्या घरचं सांडपाणी दुसऱ्याच्या दारी फुकट का जावं, असा गोपीनाथपंतांचा हिशोब. गवंडी न बोलावता त्यांनी धोतर खोचलं, चुन्यात गुळाचं पाणी आणि विटांचा भुगा कालवला, भेग लिंपली आणि पाणी आपल्याच केळीकडे वळवलं. ठाण्याच्या कचेरीत पगडी उतरवायच्या आधीच हा पराक्रम सगळ्या कारकुनांना ऐकवून झाला.

काही दिवसांनी भिंतीपलीकडची आवडाबाई दारात येऊन उभी राहिली. मिठागरात राबणारा नवरा गेल्यापासून झोपडीमागचं अळू बाजारात विकून ती नातवंडांना पोसत होती. आज तिची पाटी रिकामी होती.

"दादा, घरात कुनी आजारी हाय का?" तिनं हळूच विचारलं.

"नाही गं. का?"

"तुमच्या आंघोलीचं पानी यायचं बंद झालं. माझा अलू सगला सुकला. अलूचं जाऊ द्या, म्हनलं मानसं तरी बरी हायेत ना, बघून यावं."

पंतांना तिच्याकडे वर बघवेना.


"चार दिवससुद्धा टिकली नाही हो तुमची गवंडीगिरी," फुटलेली मोरी बघून दुसऱ्या दिवशी बायको हसली, तेव्हा हातातली पहार पाठीमागे लपवत पंत म्हणाले, "चुनाच कच्चा निघाला."